पूर्वजांचे अन्न, उंची ताट आणि मालकीचा प्रश्न

१

‘पूर्वजांचे अन्न’ या दोन शब्दांना अलीकडे बाजारात फार भाव आला आहे. कालपर्यंत जे गरिबाचे, रानटी माणसाचे, हलक्या जातीचे खाणे म्हणून हिणवले जात होते, तेच आज पांढऱ्या चादरीच्या टेबलावर मोठ्या ताटाच्या मधोमध चिमूटभर मांडले जाते आणि त्याचे बिल शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोवाचे आणि २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. नाचणी, वरी, राळे ही नावे आता तारांकित हॉटेलांच्या खाद्यपत्रिकेवर दिसतात. माझे विद्यार्थी मला विचारतात, ‘सर, हा सन्मान समजायचा की आणखी एक लूट?’

प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र सरळ नाही. सन्मान म्हणून टाळ्या वाजवणे सोपे आहे आणि लूट म्हणून शिवी हासडणे त्याहूनही सोपे. दोन्हींच्या आधी काही निकष हाती असायला हवेत. ते शोधण्यासाठी मी येथे एक परदेशी उदाहरण तपशिलाने मांडणार आहे. ते अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे आहे. आपली क्रमिक पुस्तके ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत आली त्या लोकांचे.

२

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस नावाचे शहर आहे. मिसिसिपी नदी या शहरातून वाहते आणि तेथे तिच्यावर एक मोठा धबधबा आहे. सतराव्या शतकात एका गोऱ्या धर्मप्रचारकाने त्याला सेंट अँथनीचे नाव दिले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे डकोटा लोक त्याला ओवाम्नियोम्नी म्हणत आले. म्हणजे खळाळत्या, भोवऱ्यांच्या पाण्याची जागा. या धबधब्याच्या शक्तीवर पुढे पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि १८८० पासून सुमारे पन्नास वर्षे हे शहर अमेरिकेच्या गव्हाच्या पिठाची राजधानी होऊन बसले. २०२१ च्या जुलै महिन्यात याच नदीकाठी, जुन्या गिरणीच्या पडक्या भिंतींना धरून उभारलेल्या इमारतीत ‘ओवाम्नी’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. त्याच्या भटारखान्यात गव्हाच्या पिठाला जागा नव्हती.

ते सुरू करणारे शॉन शर्मन हे ओगलाला लाकोटा जमातीचे. त्यांचा जन्म १९७४ चा, बालपण साउथ डकोटातील पाइन रिज या राखीव प्रदेशात गेलेले. तेराव्या वर्षापासून ते हॉटेलांत कामाला लागले आणि पुढे शहरात मुख्य आचारी झाले. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश पाककृती त्यांना तोंडपाठ होत्या. परंतु आपल्या लाकोटा पूर्वजांच्या पाककृती आठवू गेल्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही निघेनात. ही उणीव विसराळूपणाची नव्हती, ती घडवून आणलेली होती, हे त्यांच्या ध्यानात आले. २०१४ मध्ये त्यांनी ‘द सू शेफ’ या नावाने काम सुरू केले. डकोटा वंशाच्या डाना थॉम्पसन या त्यांच्या सहकारी झाल्या आणि ओवाम्नी या दोघांनी मिळून उघडले. २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानाने देशातील सर्वोत्कृष्ट नवे उपाहारगृह म्हणून त्याची निवड केली. अमेरिकेच्या हॉटेल व्यवसायात हा मान फार मोठा समजला जातो.

तेथे काय शिजते? बायसनचे, सांबरासारख्या एल्कचे आणि हरणाचे मांस, बदक, नदी-तलावांतील मासे, मका, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, भोपळा, सूर्यफुलाच्या बिया, रानबोरांचा रस्सा, मेपल झाडाच्या रसाची साखर आणि तलावात उगवणारा रानतांदूळ. काय शिजत नाही, ही यादी अधिक बोलकी आहे. गव्हाचे पीठ नाही. दूध, लोणी, चीज नाही. उसाची साखर नाही. गाईचे, डुकराचे, कोंबडीचे मांस नाही. काळी मिरीसुद्धा नाही. हे सगळे पदार्थ १४९२ नंतर युरोपियनांबरोबर त्या भूमीवर आले. ते वगळले की जे उरते ते वसाहतीपूर्वीचे अन्न, अशी या स्वयंपाकघराची भूमिका आहे. एखादा इतिहासकार जे शंभर पानांत सांगेल ते ही खाद्यपत्रिका गाळलेल्या शब्दांतून सांगते.

३

ही यादी समजायची तर ते अन्न गेले कसे, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या इतिहासात उपासमार हे युद्धाचे हत्यार होते. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आज्ञेवरून जनरल सुलिव्हनच्या फौजेने इरोक्वाय लोकांची गावे जाळली. त्याबरोबर मक्याची उभी शेते आणि फळबागाही नष्ट केल्या. मका, घेवडा आणि भोपळा ही तिन्ही पिके हे लोक एकत्र घेत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, घेवडा जमिनीला नत्र देई आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखीत. त्या शेतीला ते ‘तीन बहिणी’ म्हणतात. फौजेने या तीन बहिणी कापून काढल्या.

मिनेसोटात जे घडले ते याहून भयंकर होते. १८५१ च्या दोन करारांनी डकोटा लोकांकडून सुमारे दोन कोटी चाळीस लाख एकर जमीन काढून घेण्यात आली आणि त्यांना नदीकाठच्या एका अरुंद पट्ट्यात बसवण्यात आले. १८५८ मध्ये त्या पट्ट्याचाही अर्धा भाग गेला. जमिनीच्या मोबदल्यात सरकार दरवर्षी पैसे आणि धान्य देणार होते. १८६२ च्या उन्हाळ्यात पैसे वेळेवर आले नाहीत. सरकारी कोठारात धान्य होते, बाहेर माणसे उपाशी होती आणि व्यापारी उधार द्यायला तयार नव्हते. भूक लागली असेल तर त्यांनी गवत खावे, असे अँड्र्यू मायरिक नावाचा व्यापारी म्हणाल्याचे सांगितले जाते. ऑगस्टमध्ये उठाव झाला. मायरिक मारला गेला, तेव्हा त्याच्या प्रेताच्या तोंडात गवत कोंबलेले होते, अशी त्या प्रसंगाची आठवण तेथे अजून सांगतात. उठाव मोडल्यावर २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामुदायिक फाशी होय. पुढच्याच वर्षी डकोटांना त्या राज्यातून हद्दपार करण्यात आले. ओवाम्नियोम्नीच्या काठी गिरण्यांची भरभराट झाली ती त्यानंतरच.

पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात बायसन होते. त्यांचे मांस, कातडे, हाडे, शिंगे यांवर लाकोटांचे सारे जीवन उभे होते. १८७० नंतर कातडी कमावण्याची नवी पद्धत निघाली, कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी कातड्याला मागणी आली आणि रेल्वेने शिकारी आणून सोडले. कोट्यवधींच्या संख्येतले बायसन १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरले. मेलेली जनावरे कातडी सोलून तशीच कुजत टाकली जात. कातडे हा धंदा होता. परंतु सरकारलाही हा नाश सोयीचा वाटत होता. बायसन संपले की इंडियन आपोआप राखीव प्रदेशात येऊन शिध्यासाठी हात पसरेल, हे गणित त्या काळच्या अधिकाऱ्यांनी लपवून ठेवलेले नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द ऐकताच आपल्याला शिक्षणातील आणि नोकरीतील राखीव जागा आठवतात. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ राखीव प्रदेश असा होतो. ज्याच्या मालकीचा खंड होता त्याला सीमा आखून दिलेला तो तुकडा होय. आपल्याकडे हा शब्द बंद दार उघडण्यासाठी आला. तिकडे तो दार बंद करण्यासाठी आला.

४

राखीव प्रदेशात कोंडलेल्या माणसांना सरकार शिधा देई. पांढरे पीठ, चरबी, साखर, कॉफी, खारवलेले डुकराचे मांस. या शिध्यातून एक पदार्थ जन्मला: पिठाचा गोळा थापून चरबीत तळलेली रोटी. इंग्रजीत तिला फ्राय ब्रेड म्हणतात. १८६४ मध्ये नावाहो लोकांना सैन्याने शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेले आणि १८६८ पर्यंत तेथे ठेवले. ही रोटी त्या छावणीत जन्मली असे नावाहो परंपरा सांगते. पुढे ती सगळ्या जमातींत पसरली. जत्रेत, नृत्याच्या मेळाव्यात, घरच्या सणाला ती तळली जाऊ लागली. आजीच्या हातची चव म्हणून आज लाखो लोकांचे तिच्यावर प्रेम आहे.

२००५ मध्ये या रोटीवरून दोन परस्परविरोधी गोष्टी घडल्या. साउथ डकोटा राज्याने तिला राज्याची अधिकृत रोटी म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुझन शोन हार्जो या कार्यकर्त्या लेखिकेने ती कायमची सोडण्याचा संकल्प जाहीर करणारा लेख लिहिला. त्यांचा रोख असा होता की ही रोटी आमची परंपरा नव्हे, आमच्या गुलामीची खूण आहे आणि तिने आमच्या लोकांच्या शरीरात मधुमेह भरला. मधुमेहाचा मुद्दा भावनेचा नाही. अमेरिकेत मूळ रहिवाशांमधील मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. त्याला केवळ रोटी कारण नाही. जमीन गेली, शिकार गेली, पायपीट गेली आणि दुकानातले स्वस्त पीठ-साखर तेवढे उरले, हे सारे मिळून कारण आहे. १९७७ नंतर तर शिधावाटपाची कायदेशीर योजनाच आली आणि देशातील शिलकी शेतमाल डबाबंद होऊन राखीव प्रदेशांत येऊ लागला. शर्मन यांचे बालपण याच डब्यांवर गेले. ओवाम्नीत ही तळलेली रोटी मिळत नव्हती, याचे कारण येथे आहे.

हा वाद वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. मराठवाड्यात तेव्हा अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटत. आमच्या घरी मिलोच्या भाकरी थापल्या जात; त्या तुटत, वासही निराळा येई. तिने आमचा जीव वाचवला हे खरे. म्हणून उद्या कोणी मिलोची भाकरी ‘मराठवाड्याचा पारंपरिक पदार्थ’ म्हणून चांदीच्या ताटलीत वाढली तर ती आमची संस्कृती होईल काय? माणसाने जगण्यासाठी जे खाल्ले त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण ते त्याने निवडले होते की त्याच्यापुढे टाकले गेले होते, हा भेद पुसला जाता कामा नये. ‘पूर्वजांचे अन्न’ हा शब्द सैलपणे वापरला की नेमका हा भेद पुसला जातो.

५

आणखी एक गोष्ट पुसली जाते. ती म्हणजे अन्नामागचे ज्ञान. मका हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे निवड करीत घडवलेले धान्य. तो ते चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, रात्रभर मुरवतात, धुतात आणि मग दळतात. या क्रियेने साल सुटते, पीठ चिकट होते आणि दाण्यात अडकून बसलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपियनांनी मका नेला. ही क्रिया मात्र बायकांची, रानटी लोकांची रीत म्हणून मागे ठेवली. परिणाम असा झाला की स्पेन, इटलीपासून पुढे विसाव्या शतकातील अमेरिकेच्या दक्षिण भागापर्यंत, जेथे जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर अवलंबून राहिले तेथे तेथे पेलाग्रा रोगाने हजारो माणसे मेली. कातडी सोलवटे, पोट बिघडे, शेवटी भ्रम होई. मेक्सिकोतली निरक्षर बाई पिढ्यान्‌पिढ्या जे सहज करत होती ते युरोपच्या वैद्यांना दोन शतके उमगले नाही. धान्य लुटता येते, ज्ञान लुटायला आधी ते ज्ञान आहे हे कबूल करावे लागते.

रानतांदळाचेही असेच आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आपल्या भाताचा दूरचा नातलग. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. पूर्वेकडून स्थलांतर करताना, जेथे अन्न पाण्यावर उगवते तेथे थांबा, असा संकेत आपल्याला मिळाला होता असे ते सांगतात. भादवा सरत आला की दोघे जण नाव घेऊन तलावात जातात. एक लांब काठीने नाव ढकलतो. दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या नावेवर वाकवून हळूच झोडतो. काही दाणे नावेत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेले दाणे हे पुढच्या सालचे बियाणे. मग दाणे वाळवायचे, कढईत भाजायचे, पायांनी मळून टरफल काढायचे आणि भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचे. खळ्यावर राबलेल्या माणसाला यातली प्रत्येक हालचाल ओळखीची वाटेल.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या धान्याची बांध घालून शेती सुरू झाली, विद्यापीठाने त्यासाठी वाण तयार केले, यंत्राने कापणी होऊ लागली आणि पुढे कॅलिफोर्नियातील मोठ्या शेतांतून त्याचे उत्पादन होऊ लागले. पिशवीवर नाव ‘रानतांदूळ’. आत शेतातले पीक. तलावावर काठी चालवणाऱ्या ओजिब्वेला त्या भावाशी स्पर्धा करणे अशक्य झाले. लढा मग न्यायालयात गेला. १८३७ च्या करारात दिलेल्या जमिनीवर शिकारीचा, मासेमारीचा आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क ओजिब्वेंनी राखून ठेवला होता. तो हक्क संपलेला नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ येथील ओजिब्वेंनी मनोमिनलाच जगण्याचा आणि वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे असा आपल्या जमातीचा कायदा केला. उंची ताटातल्या काळ्या दाण्यामागे ही सगळी लढाई आहे. ती ताटात दिसत नाही.

६

आता एक आक्षेप. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ अशी यादी पाहिली की सोवळे आठवते. ओवाम्नीची यादी हे नवे सोवळेच नव्हे काय? गोऱ्यांच्या अन्नाचा विटाळ मानणे आणि आमच्या अन्नाचा विटाळ मानणे यांत फरक काय?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. सोवळे हे माणसाला पंगतीबाहेर ठेवण्यासाठी असते. अन्न हे त्याचे निमित्त. ओवाम्नीच्या टेबलावर बसायला कोणालाही मज्जाव नव्हता. गव्हाला तेथे बंदी होती ती तो अपवित्र आहे म्हणून नव्हे. त्याच्या गोंगाटात दुसरा आवाज ऐकूच येत नव्हता म्हणून. तरीही सावध राहिले पाहिजे. ‘शुद्ध’ अन्नाचा शोध फार ताणला की तो शुद्ध रक्ताच्या शोधाकडे जातो, आणि त्या वाटेवर आपल्याला कोण भेटतात हे सांगायला नको.

शिवाय अन्नाचा इतिहास शुद्धतेला जुमानतच नाही. कोलंबस निघाला तो मिऱ्यांच्या देशाच्या शोधात. चुकून पोचला तेथील लोकांना त्याने ‘इंडियन’ म्हटले आणि आमचे नाव त्यांच्या गळ्यात अडकले. मिरी मलबारची; तिला ओवाम्नीत जागा नाही, हे एका अर्थी त्या जुन्या चुकीला दिलेले उत्तर आहे. उलट त्यांची मिरची, मका, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, सीताफळ हे सारे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि नंतरच्या व्यापारातून आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन गेले. शेतावर न्यायच्या भाकरीबरोबर जो ठेचा असतो, त्यातली मिरचीही अमेरिकेची आणि दाणेही अमेरिकेचे. आपण रोज त्या लोकांच्या पूर्वजांचे अन्न खातो. त्याची जाणीव ठेवणे हा शुद्धतेपेक्षा चांगला धर्म आहे.

७

खरा धोका दुसरीकडे आहे. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या ‘नोमा’ या जगप्रसिद्ध उपाहारगृहाने मेक्सिकोतील तुलुम येथे काही आठवड्यांसाठी तात्पुरता तळ टाकला. मेक्सिकोच्या मातीतले पदार्थ, माया लोकांचा मका. आणि एका माणसाच्या जेवणाचा दर ६०० डॉलर. यशुना या खेड्यातील माया बायका तेथे बसून तोर्तिया थापत होत्या. दूरदेशीच्या पाहुण्यांना तो अद्‌भुत अनुभव वाटला. हे जेवण ज्यांचे आहे त्यांना ते परवडणारे नाही, असा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला. बायकांच्या हाताला काम मिळाले, त्यांच्या कसबाला दाद मिळाली, हे मी नाकारत नाही. पण जेवणाला नाव कोणाचे होते? ते आचाऱ्याचे होते. थापणारा हात हा देखाव्याचा भाग होता.

किनोवाची गोष्ट बाजाराची दुसरी बाजू दाखवते. बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारावरचे हे धान्य शतकानुशतके ‘इंडियनांचे खाणे’ म्हणून तुच्छ मानले गेले. श्रीमंत देशांत त्याची लाट आली, २०१३-१४ च्या सुमारास भाव शिखराला पोचले, इतर देशांनीही लागवड वाढवली आणि मग भाव कोसळले. लाट कोणी आणायची आणि कधी ओसरू द्यायची, याचा निर्णय पठारावरच्या शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हता.

ओवाम्नीचे मोल मला या पार्श्वभूमीवर दिसते. तेथे आचारी, मालक आणि नाव तिन्ही मूळ रहिवाशांचे होते. कर्मचाऱ्यांतही त्यांचीच बहुसंख्या होती. कच्चा माल शक्यतो मूळ रहिवासी उत्पादकांकडून आधी घ्यायचा, हा त्यांनी ठेवलेला दंडक होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम ताटापाशी थांबले नाही. उपाहारगृहाच्याही आधी शर्मन आणि थॉम्पसन यांनी एक सेवाभावी संस्था उभी केली आणि मिनिआपोलिसच्या एका बाजारात प्रशिक्षणाचे स्वयंपाकघर काढले. २०२० च्या महामारीत त्याच स्वयंपाकघरातून जमातींच्या वस्त्यांकडे शिजवलेले अन्न गेले. इतर जमातींतील लोकांनी येथे शिकावे आणि आपल्या भागात जाऊन आपले स्वयंपाकघर काढावे, ही त्यामागची योजना. उंची उपाहारगृह ही दर्शनी बाजू. तिच्यामुळे जगाचे लक्ष वेधले आणि पैसा आला. तेवढ्यावर थांबले असते तर त्याला मी संग्रहालय म्हटले असते.

८

हे सारे आपल्याला कसे लागू पडते? सरळ लागू पडत नाही, हे आधी मान्य करू. लाकोटांना ‘आधीचा काळ’ आठवतो. मैदान त्यांचे होते, बायसन त्यांचे होते, त्यांचे अन्न स्वातंत्र्यातले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या आठवणीत असा काळ नाही. त्याच्या ताटात बलुत्याचे धान्य होते, मागून आणलेले शिळे तुकडे होते, मेलेले जनावर होते. म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे सोडा असे सांगितले. तो मांसाचा धिक्कार नव्हता, त्या मांसाबरोबर येणाऱ्या लाचारीचा होता. हार्जो यांनी तळलेली रोटी सोडली त्यामागे हीच प्रेरणा आहे.

पण आमच्या ताटात फक्त लाचारी होती असेही नाही. तेल नसताना रुचकर कालवण करणे, मांस उन्हात वाळवून त्याच्या चान्या वर्षभर पुरवणे, वजडी आणि रगती शिजवणे, बांधावरची पाथरी, घोळ, तांदूळजा ओळखून आणणे, हे ज्ञान आमच्या आयाबायांचे होते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या अन्नाची नोंद केली. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. तोपर्यंत मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत आमची चूल जवळजवळ नव्हतीच. आणि नियतीचा विनोद असा की, ज्या वर्षी ते पुस्तक मराठीत आले त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल आणि वळू यांची कत्तलही कायद्याने गुन्हा ठरली. तारांकित हॉटेलाला आमच्या चुलीवरची नाचणी चालते, चान्या चालत नाहीत. बाजार पूर्वजांच्या अन्नातून तेवढेच उचलतो ज्याने जातीला धक्का लागत नाही. उचललेल्या वस्तूचीही आधी जात पुसली जाते. नाचणी ‘आरोग्यदायी’ होते, ‘प्राचीन भारतीय’ होते. ती डोंगरउतारावर पिकवून खाणाऱ्या कातकरी-ठाकरांचा उल्लेख कोठेच येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. असे कोणतेही ताट समोर आले की चार गोष्टी विचाराव्यात. हे अन्न माणसाने निवडलेले होते की त्याच्यापुढे टाकलेले? हे शिजवण्याचे ज्ञान ज्यांचे, त्यांचे नाव पाटीवर आणि हिस्सा गल्ल्यात आहे काय? हे धान्य, ही भाजी ज्या जमिनीतून, जंगलातून, पाण्यातून आली त्यावर त्यांचा हक्क शाबूत आहे काय? आणि हे अन्न शेवटी त्यांच्या मुलांच्या ताटात परत येते काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर पांढऱ्या चादरीचे आपल्याला वावडे असण्याचे कारण नाही. आपल्या माणसाने उत्तम ताटात, मानाने, आपल्याच मालकीच्या जागी जेवावे आणि जगाला जेवू घालावे, यात गैर ते काय? उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या ताटाला कोणी कितीही पुरस्कार दिले तरी तो शिधाच आहे. फरक एवढाच की या वेळी तो आपल्याकडून त्यांच्याकडे जातो आहे.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक सूचना करून थांबतो. आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्या बायांकडून अन्नाची नोंद आताच करून ठेवा: काय खाल्ले, कोठून आणले, कसे टिकवले, कोणत्या दिवशी उपाशी राहिलो. नोंद करताना शेवटचा प्रश्न गाळू नका. तो गाळला की उरते ती पाककृती. तो विचारला की तिचा इतिहास होतो.